‘अपाची’ची स्वस्तातली कॉपी

शॅडोज या ब्रिटिश बँडची ‘अपाची’ ही गिटारची धून ऐकतोय असं वाटतं, पण सूर जरा कोरडे लागतात, आणि लेबल बघितलं तर नाव ‘बड अ‍ॅश्टन अँड हिज ग्रुप’. ही एम्बसी लेबलची रेकॉर्ड. एम्बसी म्हणजे ब्रिटनमधल्या वुलवर्थ्स दुकानांचं घरचं लेबल, १९५४ ला सुरू झालेलं, माल बनवायची ओरिओल कंपनी. चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, गाणं चढलं की भाड्याच्या वादकांकडून तेच पटकन वाजवून घ्यायचं, लेबलवर एखादं बनवलेलं नाव टाकायचं, आणि ओरिजिनलपेक्षा बऱ्याच कमी किमतीत विकायचं, शिवाय दोन्ही बाजूंना हिट गाणी! कायद्याचीही अडचण नव्हती, १९५६ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात एकदा रेकॉर्ड झालेली धून कुणीही सव्वासहा टक्के रॉयल्टी भरून पुन्हा रेकॉर्ड करू शकत होतं. (आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सीरीजच्या व्हर्जन कॅसेटी अशाच कायद्यातल्या वाटेने आल्या.)

आता गिटारच्या धुनेत गायकच नाही, मग कॉपी सोपीच की, असं वाटेल. पण गंमत तिथेच आहे. ‘अपाची’ रचली जेरी लॉर्डनने, बर्ट वीडन या गिटारवादकाने ती आधीच रेकॉर्ड केलेली, पण १९६० मध्ये पाच आठवडे नंबर एकवर राहिली ती शॅडोजची, कारण त्यांचा गिटारवादक हँक मार्व्हिनची ती लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार (शॅडोज ज्याच्या साथीला वाजवायचे त्या गायक क्लिफ रिचर्डने अमेरिकेहून मागवलेली), त्याचं ते तार खेचणारं ट्रेमोलोचं दांडकं आणि जो ब्राउन या गिटारवादकाकडून आलेलं मेअॅझी कंपनीचं इको (सुराला घुमारा देणारं) मशीन. नोटेशन कुणीही उतरवून घेईल हो, तो इको कुठून आणणार? एम्बसीच्या वादकांचे हात पक्के होते, सूर कुठे चुकत नाही, पण सुराच्या मागे जो पोकळ घुमारा हवा तोच नाही. माझ्या मते तरी एम्बसीच्या या रेकॉर्डी वाईट नाहीत, उलट इको नसल्याने धून कशी बांधलीय ते स्वच्छ ऐकू येतं.

१९६३ पासून बीटल्स वगैरे आले, वाद्यधुनांची लाट ओसरली, ओरिओल सीबीएस या अमेरिकन कंपनीने घेतली आणि १९६५ ला एम्बसी बंद. धंदा मात्र नाही थांबला, हॉलमार्क या दुसऱ्या स्वस्त लेबलने १९६८ पासून तेच एलपीवर चालवलं, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ नावाने, आणि १९७१ मध्ये नियम बदलून स्वस्तातल्या एलपींना चार्टवर घेतल्यावर असल्या कव्हर एलपी चक्क अल्बम चार्टवर नंबर एकला पोचल्या, मग काही महिन्यांतच स्वस्तातल्या एलपी पुन्हा चार्टबाहेर काढल्या गेल्या.