पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक काय सांगतो?

ग्रंथालयातील पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी सगळ्यांना दिसते, वाचतात मात्र थोडे. तिच्यावरील आकडा म्हणजे पुस्तक कितवे विकत घेतले याची नोंद, असा सर्वसाधारण समज आहे. तशी नोंद असते, परंतु ती आतल्या पानावरील शिक्क्यात. तिला दाखल क्रमांक म्हणतात आणि तिचा उपयोग हिशेबापुरता. पाठीवर असतो तो वर्गांक. पुस्तक कोणत्या विषयाचे आहे हे तो सांगतोच, शिवाय कपाटात त्याच्या शेजारी कोणती पुस्तके येतील हेही तोच ठरवतो.

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे मूळ १८३२ सालचे. त्या शतकात ग्रंथालयांमध्ये पुस्तकाला जागा नेमून देण्याची रीत प्रचलित होती: अमुक दालन, तमुक कपाट, तिसरा खण. कपाट भरले की त्याच विषयाचे नवे पुस्तक भलत्याच ठिकाणी जाऊन बसे. मेल्विल ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ मध्ये यावर तोड काढली. त्याने क्रमांक जागेला न देता विषयाला दिला, ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडले आणि पुढचे अंक दशांश अपूर्णांकासारखे वाचायचे असे ठरवले. म्हणूनच ३२१ हा ४ पेक्षा मोठा दिसत असला तरी ६१५.३२१ हे पुस्तक ६१५.४ च्या आधी लागते. कोणत्याही दोन अपूर्णांकांच्या मध्ये तिसरा अपूर्णांक नेहमीच बसतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यामुळे उद्या एखादे उपशास्त्र नव्याने निघाले तरी जुन्या पुस्तकांचे क्रमांक न बदलता त्याला मधली जागा देता येते.

ड्यूईच्या मांडणीवर त्याच्या काळाचा ठसा ठळक आहे. धर्माच्या २०० या वर्गातील २२० ते २८० एवढा पट्टा ख्रिस्ती धर्माला मिळाला आणि उरलेले सगळे धर्म २९० च्या घरात कोंबले गेले. हिंदू धर्म २९४.५, त्यातील पुराणे २९४.५९२५. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मप्रचारकाचे, १६१६ मध्ये गोव्यातील रायतूरला छापलेले ख्रिस्तपुराण एखाद्याने केवळ नाव पाहून घाईने तेथे लावले, तर ते भागवताच्या शेजारी जाईल. आशय पाहिला तर ते ख्रिस्ती धर्मात जाते, आणि मराठी ओवीबद्ध काव्य म्हणून पाहिले तर ८९१.४६ मध्ये, म्हणजे मराठी साहित्यात. जाता जाता एक नोंदवावेसे वाटते: फलज्योतिषाला शास्त्र म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा पाहावी. खगोलशास्त्र ५२० मध्ये आहे, फलज्योतिष १३३.५ मध्ये, आणि अंकज्योतिष त्याच्याजवळ १३३.३३५ मध्ये, गूढविद्यांच्या पंगतीत.

ख्रिस्तपुराणाची अडचण अपवादात्मक नाही. ज्ञानाला अनेक दिशा असतात आणि कपाटाला एकच, डावीकडून उजवीकडे. या अडचणीच्या मुळाशी जाणारा माणूस भारतीय होता. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील एका दुकानात त्यांनी मेकानो हा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, चाके आणि स्क्रू वेगवेगळ्या प्रकारे जोडून निरनिराळी यंत्रे तयार होतात, तसेच विषयांचेही करावे, म्हणजे प्रत्येक विषयाचा तयार क्रमांक न छापता घटकांचे क्रमांक छापावेत आणि जोडणी ग्रंथपालाने करावी, अशी त्यांची कल्पना होती. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

त्यांच्या मते कोणत्याही विषयाचे पैलू पाचच प्रकारचे असतात: व्यक्तित्व (म्हणजे विषयाचा गाभा), पदार्थ (म्हणजे द्रव्य किंवा गुणधर्म), ऊर्जा (म्हणजे क्रिया), स्थल आणि काल. पुढील आवृत्त्यांत प्रत्येकाला स्वतंत्र चिन्ह मिळाले. अनुक्रमे स्वल्पविराम, अर्धविराम, द्विबिंदू, पूर्णविराम आणि वरचा स्वल्पविराम. ‘फुफ्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी करावयाच्या उपचारांविषयी १९५० च्या सुमारास भारतात झालेले संशोधन’ या विषयाचा वर्गांक असा होतो: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. येथे एल म्हणजे वैद्यक, ४५ फुफ्फुस, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत आणि एन५ हा काळ. ज्याला उकल ठाऊक आहे तो या चिठ्ठीवरून पुस्तक न उघडता त्याचा विषय सांगू शकतो.

खरी गंमत क्रमात आहे. मूर्त पैलू आधी आणि अमूर्त पैलू शेवटी लिहायचा, हा नियम. त्यामुळे फुफ्फुसांची सारी पुस्तके एकत्र राहतात, त्यांत क्षयाची एकत्र, त्यांत उपचारांची एकत्र. याची किंमतही चुकती करावी लागते, कारण शेवटी लिहिलेला पैलू सर्वांत जास्त विखुरतो. ‘भारत’ हा ४४ वैद्यकात प्रत्येक अवयवाच्या आणि प्रत्येक रोगाच्या पोटात वेगळा सापडतो. सामान्य पुस्तक विशेष पुस्तकाच्या आधी यावे म्हणून रंगनाथनांनी चिन्हांनाही ज्येष्ठता-कनिष्ठता ठरवून दिली, आणि ती लिहिण्याच्या क्रमाच्या नेमकी उलट: कपाटात काळाचे चिन्ह आधी, मग स्थळाचे, मग ऊर्जेचे, मग पदार्थाचे आणि शेवटी व्यक्तित्वाचे. म्हणून ‘भारतातील वैद्यक’ हे पुस्तक ‘फुफ्फुसे’ या पुस्तकाच्या डावीकडे येते. हे पहिल्या वाचनात डोक्यात उतरत नाही, पण चार वर्गांक कागदावर मांडून पाहिले की उलगडते. एवढी देखणी रचना असूनही भारतातील बहुतेक ग्रंथालये ड्यूईचीच पद्धत वापरतात. लांब वर्गांक अरुंद पाठीवर मावत नाही आणि तो बनवायला प्रशिक्षित हात लागतो, ही त्याची साधी कारणे.

संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यामुळे वर्गीकरण कालबाह्य झाले, हे विधान हल्ली ठोकून दिले जाते. ते अर्धवट आहे. शब्दाने शोधणारा यंत्राला जे विचारतो त्याच्याच आसपास फिरतो. ‘क्षय’ लिहिणाऱ्याला ‘राजयक्ष्मा’ मिळेलच असे नाही, आणि मराठी, कोंकणी, पोर्तुगीज व इंग्रजी अशा चार भाषांतील पुस्तके बाळगणाऱ्या गोव्यात ही अडचण चौपट होते. वर्गांक मात्र भाषेवर अवलंबून नसतो. संगणकाने सोडवला तो क्रमाचा पेच. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. कपाटात तो औषधशास्त्राच्या ६१५ मध्ये लागला, तर वनस्पतिशास्त्राच्या आणि गोव्याच्या इतिहासाच्या वाचकाला तो तेथे दिसणार नाही. संगणकावरील तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या सूचीत, स्थळ, काळ, भाषा, विषय यांपैकी कोणत्याही पैलूपासून सुरुवात करून त्याच्यापर्यंत पोहोचता येते. खरेदीच्या संकेतस्थळांवर आपण आकार, रंग आणि किंमत निवडतो, ते याच तत्त्वावर. अट एवढीच की नोंद करणाऱ्याने ते रकाने भरलेले असावेत. स्थळाच्या रकान्यात ‘गोवा’ लिहायचे राहिले, तर गोव्याचा इतिहास शोधणाऱ्याला त्या वाटेने ओर्ताचा ग्रंथ सापडणार नाही.