अराज्यवाद आणि राष्ट्रवाद

राष्ट्रवाद, साम्राज्यशाही आणि वसाहतींचे स्वातंत्र्यलढे यांविषयी अराज्यवादी, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणारे, विचारवंत व कार्यकर्ते यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतलेल्या भूमिका. परक्या सत्तेविरुद्ध उठलेल्या लोकांच्या बाजूने उभे राहायचे, यावर त्यांच्यात बऱ्यापैकी एकमत आहे. लढा जिंकल्यावर गादीवर बसणारे नवे सरकार आपले मानायचे का, यावर मात्र कधीच झाले नाही.

मराठीत ‘अराजक’ म्हटले की बेबंदशाही डोळ्यांपुढे येते. म्हणून ‘अराज्यवाद’ हा शब्द बरा. शब्दांचा हा घोळ इंग्रज सरकारच्या पथ्यावरच पडला. १९१९ च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावात ‘अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे’ असा उल्लेख होता. वास्तविक ज्यांच्यावर तो रोखला होता त्या बहुतेक क्रांतिकारकांना राज्य हवेच होते, फक्त ते स्वतःचे हवे होते. ‘केसरी’ने हा फरक १९०८ सालीच हेरला होता: बंगाली तरुण अराजक नव्हेत, अराजकांचे हत्यार, म्हणजे बॉम्ब, तेवढे त्यांनी उचलले आहे.

युरोपात या वादाला तोंड फुटले ते पोलंड आणि इटलीवरून. फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूधाँला दोन्ही चळवळींविषयी संशय होता. पोलंडचे स्वातंत्र्य म्हणजे तिथल्या सरदारांचे स्वातंत्र्य आणि इटलीचे एकीकरण म्हणजे आणखी एक केंद्रित सत्ता, असे त्याला वाटे. रशियन अराज्यवादी बाकुनिनचा पिंड वेगळा. रशियाविरुद्धच्या १८६३ च्या पोलिश उठावाला मदत करायला तो स्वयंसेवकांबरोबर जहाजात चढला. ते जहाज स्वीडनच्या पुढे गेलेच नाही. भाषा, चालीरीती, भूमीची ओढ या गोष्टी त्याला खऱ्या वाटत, आणि प्रत्येक लोकसमूहाला आपल्या पद्धतीने जगण्याचा हक्क आहे असे तो मानी. पण त्या ओढीचे तत्त्वज्ञान करून तिच्यावर राज्य उभारणे त्याला अमान्य होते. पुढे जर्मन अराज्यवादी लेखक रुडॉल्फ रोकरने १९३७ मध्ये हेच सूत्र उलट्या बाजूने मांडले: राष्ट्रामुळे राज्य जन्मत नाही, राज्यच राष्ट्र घडवते.

साम्राज्यशाहीविरुद्ध प्रत्यक्ष कृतीचे सर्वांत ठळक उदाहरण १९०९ चे. मोरोक्कोतील रिफ टोळ्यांशी लढायला स्पेनने राखीव सैनिक बोलावले. पैसे भरून सुटका करून घेण्याची सोय श्रीमंतांना होती, गरिबांना नव्हती. जुलैच्या शेवटी बार्सिलोनात सार्वत्रिक संप झाला, अडथळे उभारले गेले, चर्च व मठ जाळले गेले. स्पेनच्या इतिहासात तो ‘शोकात्म सप्ताह’ म्हणून ओळखला जातो. उठावाचा सूत्रधार ठरवून अराज्यवादी शिक्षणतज्ज्ञ फ्रान्सिस्को फेरेर याला ऑक्टोबरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच उन्हाळ्यात लंडनच्या ‘इंडिया हाऊस’मधून मद्रासचा एक बावीस वर्षांचा तरुण रिफांच्या बाजूने लढण्यासाठी निघाला होता. मंडयम् पार्थसारथी तिरुमल आचार्य हे त्याचे नाव. युद्धाचा अनुभव घ्यावा आणि तो इंग्रजांविरुद्ध वापरावा, असा बेत होता. रिफांपर्यंत पोचणे काही जमले नाही. तेव्हा आचार्य कट्टर राष्ट्रवादी होते आणि सावरकरांच्या वर्तुळात वावरत होते. १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तेव्हा ते त्याच्या संस्थापकांत होते. मॉस्कोच्या हुकमतीवरून मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी बिनसले आणि १९२२ च्या सुमारास बर्लिनमध्ये ते अराज्यवादी झाले. त्यानंतर गोऱ्या साहेबाच्या जागी काळा साहेब बसवून कुळाचे आणि गिरणीकामगाराचे काय भले होणार, हा त्यांच्या लिखाणाचा कायमचा प्रश्न राहिला. १९३५ मध्ये ते मुंबईत आले. पत्नी माग्दा नाखमान ही रशियन चित्रकार. तिनेही मुंबईच्या कलाजगतात नाव मिळवले. श्रीपाद अमृत डांगे यांना सुरुवातीच्या काळात पाठबळ देणारे रणछोडदास लोटवाला यांच्या संस्थेशी आचार्यांचा संबंध आला. सँडहर्स्ट रोडवरील आर्यभवनातून तेव्हा अराज्यवादी पुस्तिका इंग्रजीत निघत. आचार्य १९५४ साली मुंबईत हलाखीत वारले. आपल्याकडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासांत त्यांना फार तर एखादे वाक्य मिळते.

पहिल्या महायुद्धाने चळवळ उभी चिरली. जर्मन आक्रमण मोडायलाच हवे म्हणून रशियन अराज्यवादी विचारवंत क्रोपॉटकिनने दोस्तराष्ट्रांचा पक्ष घेतला. १९१६ च्या ‘सोळांच्या जाहीरनाम्या’वर त्याची सही आहे. इटालियन अराज्यवादी मालातेस्ताने त्याला जाहीरपणे झोडपले. हा मालातेस्ता १८८२ मध्ये उराबी पाशाच्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढायला इजिप्तला गेला होता, त्यामुळे परक्यांच्या लढ्याशी त्याला देणेघेणे नव्हते असे म्हणता येत नाही. वसाहतीतल्या रयतेचा उठाव वेगळा आणि दोन साम्राज्यांची झुंज वेगळी, हा त्याचा मुद्दा होता. चळवळीतील बहुसंख्यांनी त्याचीच बाजू घेतली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते योग्यच होते.

पूर्व आशियात प्रश्न अधिक अवघड झाला, कारण तिथे राष्ट्रवादी आणि अराज्यवादी अनेकदा एकच माणूस असे. जपानमध्ये कोतोकु शुसुइने १९०१ मध्ये साम्राज्यवादावर पुस्तक लिहिले तेव्हा तो समाजवादी होता. अराज्यवादाकडे तो नंतर वळला. सम्राटाच्या हत्येच्या कटाच्या आरोपावरून १९११ मध्ये त्याच्यासह बारा जणांना फाशी झाली. कोरियाचा शिन चे-हो आधी राष्ट्रवादी इतिहासकार होता. १९२३ च्या ‘कोरियन क्रांतीच्या घोषणापत्रा’त त्याने जपानी राजवट उलथण्याबरोबरच माणसाने माणसाचे शोषण न करणाऱ्या समाजाची मागणी केली. १९३६ मध्ये तो जपानी तुरुंगात मेला. ईशान्य चीनमधल्या मांचुरियात स्थलांतरित कोरियन शेतकऱ्यांमध्ये १९२९ साली स्वयंशासित संघ उभा राहिला, तोही राष्ट्रवादी सेनानी किम ज्वा-जिन याच्या सहकार्याने. पुढच्याच वर्षी किमचा खून झाला आणि १९३१ च्या जपानी आक्रमणानंतर सारे संपले. उरलेल्यांपैकी काही जण पुढे कोरियाच्या परदेशातून चालणाऱ्या हंगामी सरकारात गेले. सरकार नको म्हणणाऱ्यांना सरकारात जावे लागले, यावर त्यांचे सोबती आजही एकमेकांशी भांडतात.

भारतात या विचाराची दुसरी, अहिंसक धारा आहे. १९१६ मध्ये बनारसच्या भाषणात गांधींनी स्वतःला वेगळ्या जातीचा अराजक म्हणवून घेतले. स्वयंपूर्ण खेड्यांची त्यांची कल्पना आणि रायगड जिल्ह्यातील गागोद्याच्या विनोबांनी मांडलेला शासनमुक्तीचा विचार अराज्यवादाच्या जवळचा आहे. त्याला अराज्यवादच म्हणावे का, याबद्दल दुमत आहे. ईश्वरनिष्ठा आणि मालकांच्या ‘विश्वस्तपणा’वरची श्रद्धा युरोपीय अराज्यवाद्यांच्या पचनी पडत नाही.

अलीकडचे उदाहरण कुर्दांचे. अब्दुल्ला ओजालान यांचा पक्ष आधी स्वतंत्र कुर्दी राज्यासाठी लढत होता. १९९९ पासून तुर्कस्तानच्या कैदेत असताना त्यांनी अमेरिकन विचारवंत मरे बुकचिन याचे लिखाण वाचले आणि २००५ मध्ये राज्याची मागणी बाजूला ठेवून ग्रामसभांच्या संघाची कल्पना पुढे केली. २०१२ पासून उत्तर सीरियात तिचा प्रयोग सुरू झाला. काही अराज्यवादी तिथे लढायला गेले. सभांच्या वरही पक्षाचाच शब्द चालतो आणि प्रत्येक भिंतीवर नेत्याचा फोटो लटकतो, अशी टीका इतरांनी केली.