हंगामाआधीचे सहा आठवडे: फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी

पूर्वतयारी वर्गात नाव नोंदवताना पालक बहुधा विचारतात, "मैदानाला किती फेऱ्या मारायला लावता?" पहिल्या आठवड्यात फार कमी. सुट्टीत दोन-तीन आठवडे खेळ बंद राहिला की दम कमी होतो, पण तो लवकर परतही येतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या मात्र सावकाश तयार होतात. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात दम भरून आल्यासारखा वाटतो, मुले जोर लावतात आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखू लागते किंवा मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो. आमची सगळी आखणी हे टाळण्यासाठी आहे.

१२ ते १६ वर्षांच्या गटाला आठवड्यातून तीन सत्रे, एक दिवस सोडून, प्रत्येकी ६० ते ७५ मिनिटांची. पहिले दोन आठवडे ३ मिनिटे हलके पळणे आणि १ मिनिट चालणे, असे चार वेळा, शक्यतो चेंडू पायात ठेवून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १५ सेकंद वेगात, १५ सेकंद चालत, अशी सलग ६ मिनिटे. ३ मिनिटे थांबून पुन्हा एकदा. पूर्ण वेगाचे २० मीटरचे स्प्रिंट पाचव्या आठवड्यात सहा ते आठ होतात, पण त्यांची सुरुवात दुसऱ्या आठवड्यातच पाऊण वेगाने, चार स्प्रिंटनी होते. सहा आठवडे नुसते संथ पळून सामन्यात उतरलेला खेळाडू पहिल्याच लांब पासमागे धावताना मांडी धरून बसू शकतो. दोन स्प्रिंटमध्ये दीड मिनिट थांबवतो, ते वेळ वाया घालवणे नव्हे. धापा टाकत मारलेल्या स्प्रिंटने दम वाढेल, वेग नाही. सहाव्या आठवड्यात एकूण काम सुमारे एक तृतीयांशाने कमी करून सराव सामना घेतो.

वॉर्म-अपसाठी १४ वर्षे आणि त्यापुढच्या मुलांना आम्ही फिफाचा '११+' कार्यक्रम देतो. त्यात १५ व्यायाम असतात आणि २० मिनिटे लागतात: आधी ८ मिनिटे धावणे, मग १० मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी २ मिनिटे वेगात धावणे. आठवड्यातून किमान दोनदा केला तरच त्याचा उपयोग. सामन्याच्या दिवशी मधला भाग गाळायचा. त्याहून लहान मुलांसाठी याचीच वेगळी आवृत्ती आहे, आम्ही ती वापरतो.

यातला एक व्यायाम घरीही नीट पाहा, कारण तो बहुतेक जण चुकीचा करतात. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. मऊ जागी गुडघ्यांवर उभे राहायचे, मागे बसलेल्याने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, हात छातीशी. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून होईल तितके सावकाश पुढे झुकायचे. तोल सुटू लागला की तळहातांवर उतरायचे आणि हातांनी ढकलून परत यायचे. चूक होते ती कंबरेत: मूल पार्श्वभाग मागे काढून वाकते, मग मांडीच्या मागे काहीच ताण येत नाही आणि 'सोपा आहे' असे वाटते. नीट केल्यावर सुरुवातीला तीन ते पाच वेळाच होतो, तेवढा पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीच्या मागे दुखते. ते अपेक्षित आहे आणि दोन आठवड्यांत कमी होते. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र हा व्यायाम नको.

उडीवरून खाली येताना गुडघे आत वळतात का, हेही समोर उभे राहून पाहा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवा आणि जमिनीवर पाय टेकताना आवाज कमी यायला हवा. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांच्या गटात उतरण्याच्या सरावाला आम्ही जास्त वेळ देतो.

महिन्यातून एकदा उंची मोजून आम्हाला कळवा. मुलींमध्ये साधारण १२व्या आणि मुलांमध्ये १४व्या वर्षाच्या आसपास उंची झपाट्याने वाढते. त्या काळात गुडघ्याच्या खालचा हाडाचा उंचवटा दुखतो. थोड्या लहान वयात टाच दुखते. दाबल्यावर दुखत असेल, तर आम्ही उड्या आणि स्प्रिंट निम्म्यावर आणतो. खेळ पूर्ण बंद करावा लागतोच असे नाही. पण लंगडत असेल, सूज असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर मैदानावर पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे: शाळेचा संघ, दुसरा क्लब, पोहणे, नाचाचा वर्ग, जे काही चालू असेल ते सांगा. प्रत्येक सत्रानंतर 'किती कठीण गेले' याला मूल ० ते १० पैकी आकडा देते, आणि त्याला आम्ही मिनिटांनी गुणतो. ६० मिनिटांचे सत्र आणि आकडा ५, म्हणजे ३००. आठवड्याची बेरीज अचानक उसळी घेताना दिसली की पुढचे सत्र हलके करतो. इतर खेळ लपवले तर ही बेरीज खोटी ठरते, आणि दुखापत झाल्यावर कारण कुणालाच कळत नाही.

उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून गरम दिवसांत पहिली सत्रे लहान ठेवतो आणि पाण्यासाठी वारंवार थांबतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. रात्री उशिरा झोपून सकाळी सरावाला आलेल्या मुलाला आम्ही स्प्रिंट देत नाही. नवे बूट सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. घरात अर्धा-अर्धा तास घालून, मग दोन-तीन हलक्या सत्रांत वापरा, म्हणजे टाचेला फोड येणार नाहीत. पहिल्या दिवशी जुने बूट, पाण्याची बाटली आणि आधीच्या दुखापतींची लेखी नोंद सोबत पाठवा.