वीस मिनिटं, एक कॅफे आणि डाइकस्ट्रा

फोनवरच्या नकाशाला रस्ता विचारला की क्षणात निळी रेघ उमटते. तिच्यामागचं मूळ गणित, म्हणजे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायचं, सुटलं ते १९५६ साली, अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा आणि त्यांची वाग्दत्त वधू रिया खरेदी करून दमले होते, कॉफी प्यायला टेकले होते. वीसेक मिनिटांत डाइकस्ट्रांच्या मनात सगळी रीत जुळून आली. हाताशी ना कागद होता, ना पेन्सिल.

प्रश्न निघाला होता एका उद्घाटनामुळे. ते ज्या गणित केंद्रात काम करत, तिथे ‘आरमॅक’ नावाचा नवा संगणक तयार होत होता आणि गणित न येणाऱ्या पाहुण्यांनाही कळेल असं काहीतरी त्यावर करून दाखवायचं होतं. म्हणून नेदरलँड्समधली ६४ शहरं घेतली. चौसष्टच का, तर सहा बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा सहा घरांत, तेवढेच क्रमांक मावतात.

रीत अशी. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचंय, तर आधी रॉटरडॅमला थेट जोडलेल्या गावांची अंतरं मांडायची. त्यातलं सगळ्यात जवळचं गाव पक्कं करायचं, कारण दुसऱ्या कुठल्याही गावावरून वळसा घेतला तरी तिथवरचं अंतर कमी होणार नाही. मग या पक्क्या गावावरून पुढे गेल्यास कुणाचं अंतर घटतं का ते पाहायचं, घटलं तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा. पुन्हा उरलेल्यांतलं सर्वांत जवळचं पक्कं करायचं. ग्रोनिंगेन पक्कं झालं की संपलं. एवढंच! १९५९ साली हे छापून आलं ते जेमतेम तीन पानांत. आज नकाशांची अ‍ॅप्स याच्या पुष्कळ सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात, आणि इंटरनेटवरचे राउटर आपसांतले मार्ग ठरवतानाही बऱ्याच ठिकाणी हीच रीत चालवतात.

कागदाविना काम करणं हा योगायोग असला, तरी मला त्यात या माणसाची सगळी घडण दिसते. गणित केंद्रात सहकारी यंत्र जोडत असत आणि डाइकस्ट्रा त्याच यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहीत. यंत्र अजून उभंच नाही म्हटल्यावर प्रोग्रॅम चालवून बघणार कशावर? तो बरोबर आहे याची खात्री डोक्यानेच करून घ्यायची. चाचणीने चूक आहे एवढं कळतं, चूक नाही हे कधीच कळत नाही, हे त्यांचं पुढे गाजलेलं म्हणणं याच सवयीतून आलेलं असावं.

तेव्हा हा पेशा म्हणून कुणी मोजतही नव्हतं. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ सांगितला, तर अ‍ॅमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो मान्यच केला नाही. शेवटी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं लिहावं लागलं.

पुढे अल्गोल ६० या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, आला, एका वेळी अनेक कामं चालवताना ती एकमेकांत अडकू नयेत म्हणून ‘सेमाफोर’ आला. १९६८ मध्ये प्रोग्रॅमला एका ओळीवरून थेट दुसरीकडे उडी मारायला लावणाऱ्या ‘गो टू’ या आज्ञेविरुद्धचं पत्र आलं. त्याचा प्रसिद्ध खोचक मथळा खरं तर संपादक निकलाउस विर्थ यांचा, पण शिव्या खाल्ल्या डाइकस्ट्रांनी. १९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७४ मधला, बिघाडातून आपोआप सावरणाऱ्या यंत्रणांवरचा त्यांचा छोटा लेख मात्र कित्येक वर्षं कुणाच्या फारसा लक्षातच आला नाही. त्याला २००२ साली पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षापासून त्या पुरस्कारालाच डाइकस्ट्रांचं नाव दिलं गेलं.

या सगळ्या काळात ते फाउंटन पेनने लिहीत राहिले. प्रत्येक टिपणावर आद्याक्षरं आणि क्रमांक घालायचा, फोटोकॉपी काढून काही मोजक्या लोकांना टपालाने पाठवायची, मग त्यांनी आपापल्या फोटोकॉपी काढून पुढे वाटायच्या. नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या घरातून, नंतर टेक्सासमधल्या ऑस्टिनहून अशी तेराशेवर टिपणं निघाली. माणूस कमालीचा काटेकोर, पण मिश्कीलही. फिरायला ठेवलेल्या फोक्सवॅगन बसचं नाव काय, तर ‘टूरिंग मशीन’, म्हणजे संगणकशास्त्रातल्या ‘ट्युरिंग मशीन’ या काल्पनिक यंत्रावरची कोटी!

६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेनमध्ये त्यांचं निधन झालं. संगणकाला होता होईतो हात न लावणाऱ्या या माणसाचं अक्षर इतकं सुबक होतं की लुका कार्देली या संगणकशास्त्रज्ञाने त्यावरून मॅकिंटॉशसाठी एक फॉन्टच करून टाकला होता.