पार्श्वभूमी : ‘हेल्मेटसक्ती’ या शब्दाचा गुंता

पुण्यात ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द निघाला की चर्चा डोक्यावरून घसरते ती थेट अस्मितेवर जाते. याचा दोष बराचसा शब्दाकडे जातो. सक्ती म्हटले की कुणीतरी काल रात्री काहीतरी लादले असे वाटते. ‘उद्यापासून हेल्मेटसक्ती’ असा मथळा या शहराने इतक्या वेळा वाचला आहे, की नियम दर खेपेला नव्याने जन्मतो आणि महिन्याभरात मरतो असाच लोकांचा समज झाला. नियम मात्र कुठेच गेलेला नव्हता. जुन्याच कलमाखाली चौकात गाडी अडवून पावती फाडायची की नाही, एवढेच काय ते वर्षागणिक बदलत आले.

ते कलम म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ मधले १२९ वे. दुचाकीवर बसलेल्या प्रत्येकाने सार्वजनिक ठिकाणी मानकानुसार बनवलेले शिरस्त्राण घालावे, असे त्यात पहिल्यापासून लिहिले आहे. ‘प्रत्येकाने’ यात मागे बसणाराही येतो. त्याच्यासाठी वेगळा फतवा निघाल्यासारखी जी ओरड २०२२ मध्ये मुंबईत आणि २०२४ च्या अखेरीस राज्यभर झाली, तीही याच गैरसमजातून. हेल्मेट नुसते डोक्यावर ठेवून भागत नाही, हनुवटीखाली पट्टा नीट बांधलेला असावा, हेही कलमातच आहे. त्याआधीच्या, १९३९ च्या कायद्यातही १९७७ मध्ये अशी तरतूद घातली गेली होती, पण ती लागू करणे राज्यांच्या मर्जीवर होते. आंध्र प्रदेशाच्या नियमाला एका नागरिकाने आव्हान दिले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हेल्मेट घालायला लावल्याने संचारस्वातंत्र्यावर गदा येत नाही, असा निकाल १९८८ मध्येच लागला. म्हणजे पुण्यात जो मुद्दा पुढची तीस वर्षे तावातावाने मांडला गेला, त्याचे उत्तर आधीच देऊन झाले होते.

मग विरोधक कशाच्या आधारावर बोलत होते? आधार अगदीच नव्हता असे नाही. कलम १२९ ला दोन पुस्त्या होत्या. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना सूट, ही एक. राज्य सरकारला योग्य वाटतील असे अपवाद नियमाने करता येतील, ही दुसरी. ‘शहराच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक करा, हायवेवर खुशाल सक्ती करा’ ही मागणी या दुसऱ्या पुस्तीवर उभी राहू शकत होती. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी शहरात जोरात कारवाई सुरू केली, तेव्हा दोनच दिवसांत हेल्मेटऐवजी पुणेरी पगड्या घालून दुचाकी मोर्चा निघाला. कायद्यातला पगडीचा अपवाद आठवत असेल त्याला यातली गंमत कळावी, बाकीच्यांना नुसता फोटो मिळाला. जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांची भेट घेतली आणि रस्त्यावर अडवून होणारी कारवाई थंडावली. कॅमेऱ्यात टिपून मोबाइलवर येणारी चलने मात्र येतच राहिली.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १२९ नव्याने लिहिले गेले. वयाची अट आली : चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट. शिखांची सूट राहिली. राज्यांचा अपवादाचा अधिकार मात्र गेला. शहर-हद्दीची सगळी मागणी ज्या खुंटीला टांगता आली असती ती खुंटीच उपटली गेली, आणि याची म्हणावी तशी बातमी झाली नाही. शेजारच्या गुजरातेत त्याच डिसेंबरात शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याची घोषणा झाली होती. केंद्राने हरकत घेतल्यावर काही आठवड्यांतच ती गुंडाळावी लागली. केंद्राच्या दुरुस्तीत दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन असे आहे. महाराष्ट्रात कोर्टात न जाता भरायची तडजोडीची रक्कम पाचशे ठरली, तीही डिसेंबर २०२१ मध्ये.

दूरचा इतिहास थोडक्यात. १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, पहिल्या महायुद्धात अरबस्तानात गाजलेला एक माजी लष्करी अधिकारी सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत एक मेंदूशल्यविशारद होता. पुढे युद्धकाळात त्याने मोटारसायकलवरच्या लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्ये निबंध छापला. हेल्मेटकडे शास्त्रीय नजरेने पाहणे तिथून सुरू झाले असे मानतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये कायदा केला, ब्रिटनने १९७३ मध्ये. तिथेही पगडीवरून वाद झाला आणि १९७६ मध्ये शिखांना सूट मिळाली.

‘शहरात वेग किती तो? तीसच्या वर गाडी जात नाही. मग हेल्मेट कशाला?’ हा पुण्यातला सर्वांत लाडका युक्तिवाद. तो ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून जरा गणित करू. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी सिग्नलला पूर्ण उभी असताना कुणी बाजूने धडकले आणि माणूस आडवा झाला, तरी नुसत्या पडण्याने डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने डांबरावर आपटते. गाडीचा वेग यात धरलेलाच नाही. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर नेमका असल्या आदळीत चिरडण्यासाठी असतो. तो चिरडतो तेव्हा डोके थांबायला काही मिलीसेकंद जास्त मिळतात. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून आपटलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले तरी बाद समजायचे. हेल्मेट हायवेसाठी असते, हा समज त्यामुळे बऱ्यापैकी उलटा आहे. ट्रकखाली सापडल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, शहरातल्या रस्त्यावर घसरल्यावर आहे.

आकडे तेच सांगतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसताना मेलेले ५०,०२९. त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते. हे सगळे हेल्मेटने वाचलेच असते असे कुणी म्हणू नये. पण अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो. अर्थात पट्टा बांधला असेल तर. आरशाला अडकवलेले, कोपरात घातलेले आणि पोलीस दिसताच टोपीसारखे चढवलेले हेल्मेट या हिशेबात येत नाही. फुटपाथवरच्या शे-दोनशेच्या अर्ध्या हेल्मेटांचेही तेच. आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनवणे-विकणे १ जून २०२१ पासून देशभर बंद आहे, कागदावर.

या सगळ्या भांडणात मानेखालचे शरीर कुठेच नव्हते. पडताना माणूस आपसूक हात पुढे टाकतो. आधी तळहात सोलवटतात, मनगट जाते, मग कॉलरबोन, गुडघा. डेनिमची पँट डांबरावर घासली की सेकंदाच्या आसपास फाटते. दुचाकीस्वारांच्या कपड्यांसाठीच्या युरोपातल्या जुन्या मानकात गुडघा-कोपराच्या जागचे कापड घासणाऱ्या यंत्रावर किमान चार सेकंद टिकावे लागे. आपल्याकडे जॅकेट-ग्लोव्ह्जबद्दल चालकासाठी काहीही बंधन नाही. कायद्याने हेल्मेटखाली पाहिले ते दोनदा. एक, केंद्रीय नियम १२३ : मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निदान अर्धे झाकणारे आवरण, कपडे अडकू नयेत म्हणून. आपण याला साडीगार्ड म्हणतो, आणि पोरे नवी बाइक घरी येताच ते काढून माळ्यावर टाकतात. दुसरे, २०२२ चा नियम : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा. तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तसा पट्टा बांधलेले मूल मी सिंहगड रोडवर अजून पाहिलेले नाही.

गंमत अशी, की आपादमस्तक ‘गिअर’ घालून दुचाकी चालवण्याची पद्धत याच शहरात कधीची आहे. डोळे सोडून सगळा चेहरा झाकणारा स्कार्फ, सुती सनकोट, कोपरापर्यंतचे हातमोजे. कुठल्याही सक्तीविना, पावतीविना, भर एप्रिलमध्ये. ते उन्हासाठी आणि धुळीसाठी असते. लडाखला जाताना घेतलेले पॅड लावलेले जॅकेट परत आल्यावर कपाटात जाते, आणि माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कर्वे रोडने ऑफिसला निघतो.