ओसाकाचा किल्ला हिदेयोशीचा नव्हे

जपानमधल्या ओसाकाच्या किल्ल्यासमोर फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, ‘हिदेयोशीने बांधलेला चारशे वर्षांपूर्वीचा मनोरा’. हे चूक आहे. हिदेयोशी हा सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश; त्याचा मनोरा १६१५ च्या लढाईत जळाला. ती लढाई जिंकणाऱ्या तोकुगावा घराण्याने नवा उभारला, त्यावर १६६५ साली वीज पडली. आज दिसतो तो १९३१ चा, लोकवर्गणीतून झालेला, चक्क काँक्रीटचा. आत लिफ्टसुद्धा आहे!

बरं, खालचे दगडी तटही तोकुगावांचेच. हिदेयोशीचे तट त्यांनी मातीखाली गाडले. पण त्यासाठी तरी जाच. साकुरामोन दरवाजामागची ‘ताकोइशी’ ही एकच शिळा अंदाजे १०८ टनांची आहे.

अस्सल लाकडी मनोरा हवा असेल तर हिमेजीचा किल्ला गाठा. असे जुने मनोरे जपानभर फक्त १२ उरलेत.