फाइल कोणाच्या नावावर? पॅकेजांच्या भांडणामागची पार्श्वभूमी

गोव्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, 'एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं?' घरात कोण राहतं, माडावरचे नारळ कोण पाडतो, हे सगळं त्यानंतर. फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या लॅबमध्ये लिनक्सची यंत्रं सांभाळताना मला हा प्रश्न सारखा आठवतो. पॅकेज, म्हणजे एखाद्या प्रोग्रामच्या फायलींचं गाठोडं, टाकताना मधेच एक ठरावीक तक्रार येते: अमुक फाइलवर लिहायचं आहे, पण ती तमुक पॅकेजमध्येही आहे. मुलं ही ओळ बघून 'सर, मशीन बिघडलं' म्हणतात. मशीन ठणठणीत असतं. उताऱ्यावर आधीच दुसऱ्याचं नाव आहे, एवढंच ते सांगत असतं.

असा उताराच नसायचा, तो काळ फार जुना नाही. युनिक्सवर सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे सोर्स (प्रोग्रामचा मूळ मजकूर) आणायचा, कंपाइल करायचा (यंत्राला चालवता येईल असा बनवायचा) आणि 'मेक इन्स्टॉल' म्हणायचं. फायली /यूएसआर/लोकलमध्ये जाऊन पडत. कोणती फाइल कोणी आणली, याची नोंद कुठेच नसे. दुसऱ्या प्रोग्रामने त्याच नावाची फाइल आणली की पहिली गुपचूप पुसली जायची आणि ते कळायचं काही आठवड्यांनी, पहिला प्रोग्राम चालेनासा झाल्यावर.

जुलै १९९३मध्ये आलेल्या स्लॅकवेअरने, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचाने, निदान यादी ठेवायला सुरुवात केली. त्याची पॅकेजं म्हणजे साध्या टार फायली. टाकताना तो कोणाला विचारत नसे, थेट वरून लिहायचा. काढताना मात्र शहाणपण दाखवायचा: काढायची फाइल दुसऱ्या कुठल्या पॅकेजच्या यादीतही असेल, तर तिला हात लावायचा नाही. येताना दार ढकलून आत आणि जाताना मात्र सगळ्यांची चौकशी, असा हा पाहुणा.

खरा फरक पडला तो डेबियन या दुसऱ्या लिनक्स संचामुळे. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. डीपीकेजी हे त्याचं पॅकेज हाताळणारं साधन आधी शेल स्क्रिप्ट होतं, मग पर्लमध्ये लिहिलं गेलं आणि १९९४मध्ये इयन जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सीमध्ये नव्याने लिहिला. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजच्या फायलींची यादी /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फोमध्ये ठेवतो आणि नवी फाइल उघडताना ती यादी बघतो. डिरेक्टरी सामाईक चालते, अंगण सगळ्यांचं असतं तशी. फाइल मात्र एकाचीच.

यातली एक गोष्ट मला कोणत्याही नव्या सोयीपेक्षा जास्त आवडते. डीपीकेजी नवी फाइल थेट जुनीच्या जागी लिहीत नाही. आधी '.डीपीकेजी-न्यू' असं शेपूट लावून ती शेजारी ठेवतो, जुनीची प्रत '.डीपीकेजी-टीएमपी' म्हणून राखतो आणि मग नाव बदलून अदलाबदल करतो. भांडण मधेच उघडकीस आलं तर मागे फिरता येतं. जूनच्या पहिल्या पावसात आमच्याकडे दिवसातून चार वेळा वीज जाते. इन्स्टॉल अर्धवट राहिलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी एका कमांडने मार्गी लागतं, याचं श्रेय तीस वर्षांपूर्वीच्या या काटेकोरपणाला.

लिनक्सवर काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीने १९९५मध्ये आरपीएम हे आपलं पॅकेज-साधन आणलं. त्यामागे मार्क युइंग आणि एरिक ट्रोन होते. त्याची रीत थोडी वेगळी. डीपीकेजीला एकेक पॅकेज उलगडताना भांडण सापडतं, म्हणजे आधीची दहा पॅकेजं तोवर जागेवर बसलेली असतात. आरपीएम डिस्कवर काही लिहिण्याआधीच संपूर्ण व्यवहार तपासून बघतं. शिवाय दोन पॅकेजांनी आणलेली फाइल अक्षर न् अक्षर सारखी असेल, तर ते हरकत घेत नाही, दोघांची नावं लावून मोकळं होतं. सोयीचं आहे, पण मला डेबियनचा हट्ट बरा वाटतो. सामाईक मालकीत पुढे वाटणीची वेळ येतेच.

विंडोजवर हेच दुखणं 'डीएलएल हेल' म्हणून गाजलं; डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी कोडची फाइल. इन्स्टॉलर सिस्टिम फोल्डरमधली सामाईक फाइल जुन्या आवृत्तीने बदलायचा आणि दुसराच प्रोग्राम बंद पडायचा. विंडोज २०००ने सिस्टिमच्या फायलींवर पहारा बसवला. २००१च्या एक्सपीने वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायची व्यवस्था केली. त्या काळात म्हापशाच्या सायबर कॅफेत बसलेल्यांना हे इतिहास म्हणून सांगायची गरज नाही.

नोंदवही आली म्हणून भांडणं संपली नाहीत. ती फक्त दिसू लागली. सर्वांत नेहमीचं कारण अगदी घरगुती आहे. एका पॅकेजची फाळणी होते, काही फायली नव्या पॅकेजकडे जातात आणि पॅकेज बांधणारा 'रिप्लेसेस' (या फायली आता माझ्याकडे) आणि 'ब्रेक्स' (जुन्या आवृत्तीशी पटणार नाही) या दोन ओळी लिहायला विसरतो. वाटणी झाली, पण वाटणीपत्र नोंदवलंच नाही. ज्याच्या यंत्रावर जुनं पॅकेज असतं त्याला तक्रार दिसते, कोऱ्या यंत्रावर काहीच दिसत नाही. म्हणून बांधणाऱ्याला ती सापडतही नाही. खऱ्या स्पर्धेसाठी वेगळ्या वाटा आहेत. दोन टेक्स्ट एडिटरांनी एकाच नावावर हक्क सांगितला तर 'अल्टरनेटिव्ह्ज'ची व्यवस्था दोघांना आपापल्या नावाने ठेवते आणि सामाईक नाव एका दुव्याने कोणाकडे तरी वळवते. 'डायव्हर्ट' दुसऱ्याची फाइल बाजूला सरकवून आपली तिथे ठेवू देतो, तेही नोंद करून. आणि 'फोर्स-ओव्हरराइट' आहेच. मुलांना तो इंटरनेटवर पहिल्यांदा सापडतो. नेमकं काय पुसलं जातंय हे माहीत असल्याशिवाय मी तो लॅबमध्ये वापरू देत नाही.

नावाचं भांडण याहून अवघड, कारण ते माणसांचं असतं. लिनस टोरवाल्ड्स यांचं गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन २००५मध्ये आलं, तेव्हा डेबियनमध्ये 'गिट' हे नाव ग्नू इंटरॅक्टिव्ह टूल्स या दुसऱ्याच प्रोग्रामकडे होतं. नव्याला २०१०पर्यंत 'गिट-कोअर' म्हणून राहावं लागलं. नोडची गोष्ट तर आणखी मजेची. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड डॉट जेएसला /यूएसआर/बिन/नोड हवं होतं. ते नाव हौशी रेडिओवाल्यांच्या एका जुन्या प्रोग्रामकडे होतं, रेडिओवरून पॅकेट पाठवणाऱ्या केंद्रांसाठीचा तो. डेबियनचा नियम असा की काम वेगळं आणि नाव एक, हे चालणार नाही. एकमत झालं नाही तर दोघांनीही नाव सोडायचं. प्रकरण तांत्रिक समितीपर्यंत गेलं आणि २०१२च्या निर्णयानंतर आज्ञा 'नोडजेएस' झाली. ज्याला जुनं नाव हवं त्याने 'नोडजेएस-लेगसी' हे वेगळं पॅकेज टाकायचं. जगभरचे धडे 'नोड' लिहीत राहिले आणि डेबियनवाले अडखळत राहिले. २०१७मध्ये समितीने स्वतःचा निर्णय मागे घेतला. पाच वर्षं. मामलेदार कचेरीच्या मानाने वेग वाईट नाही.

याच काळात दुसरा विचार रुजत होता: एकत्र घरातली भांडणं सोडवण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळं घरच द्या. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठात २००३पासून निक्स हे पॅकेज-साधन उभं केलं. प्रत्येक पॅकेज आपल्या स्वतंत्र डिरेक्टरीत राहतं आणि ते कशापासून बनलं यावरून काढलेला हॅश, म्हणजे ठशासारखी अक्षरांची खूण, तिच्या नावात असतो. दोन आवृत्त्या कधी समोरासमोर येतच नाहीत. पण वापरणाऱ्याला तर एकाच ठिकाणी, समजा, 'पायथन' ही प्रोग्रामिंगची भाषा हवी असते. म्हणून निक्स सगळ्या दुव्यांचं एक प्रोफाइल बनवतं आणि दोन पॅकेजांत एकाच नावाची फाइल आली की टक्कर तिथे होते. भांडण दिवाणखान्यातून उठून ओसरीवर आलं.

पायथनने उशिरा का होईना, कुंपण घातलं. पीईपी ६६८ या प्रस्तावानंतर, डेबियन १२पासून, सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनच्या स्वतःच्या पॅकेज-साधनाने) काही टाकायला गेलं की नकार मिळतो; आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतःची वेगळी खोली, बनवा म्हणतात. दरवर्षी अकरावीची मुलं या नकाराला वैतागतात.

सर्वांत किचकट प्रकरण मात्र अलीकडचं. /बिन आणि /यूएसआर/बिन या प्रोग्राम ठेवायच्या दोन डिरेक्टऱ्या एकत्र करायचं ठरलं, आणि /बिन हा केवळ दुवा उरला. एकाच भाटाला, म्हणजे माडांच्या बागेला, दोन सर्व्हे नंबर लागावेत तसं झालं. डीपीकेजी नोंदवही वाचतो, जमीन बघत नाही. त्यामुळे एका पॅकेजची /बिनमधली आणि दुसऱ्याची /यूएसआर/बिनमधली फाइल प्रत्यक्षात एकच आहे, हे त्याला कळत नाही. फाइल एका पॅकेजकडून दुसऱ्याकडे जाताना वाटही बदलली, तर तक्रार न येता ती नाहीशी होऊ शकते. नोंदवही असूनही १९९३पूर्वीची अवस्था. डेबियन १२ या २०२३च्या आवृत्तीत अशा हलवाहलवीवर बंदी होती. मग शेकडो पॅकेजांच्या वाटा एकेक करून बदलल्या गेल्या, आणि ऑगस्ट २०२५मध्ये डेबियन १३ आलं ते हे काम उरकून.

आमची लॅब अजून डेबियन १२वरच आहे. चवथीच्या सुटीत अपग्रेड करायचा विचार आहे, वीज राहिली तर.